दुसऱ्या राज्यातली वाइन घरपोच: अमेरिकेतले कायदे, छोट्या वाइनरी आणि ग्राहक यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या नापा, सोनोमा किंवा न्यूयॉर्कमधल्या फिंगर लेक्सच्या टेस्टिंग रूममध्ये वाइन आवडते, सहा बाटल्या ठरतात, काउंटरवरची व्यक्ती पत्ता विचारते आणि राज्याचं नाव ऐकून म्हणते, "सॉरी, तिकडे आम्ही पाठवत नाही." का पाठवत नाहीत, कायदा नेमका कुठे आडवा येतो आणि त्यावर काय करता येतं, याची उत्तरं इथे आहेत. पहिला भाग ग्राहकांसाठी, दुसरा वाइनरी चालवणाऱ्यांसाठी. पण दोघांनी दोन्ही वाचले तर बरं. राज्यांचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी त्या राज्याच्या मद्य खात्याच्या संकेतस्थळावर एक नजर टाकाच.

एकाच देशात वाइन पाठवायला इतकी अडचण का?

१९२० मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. ती ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली, पण उठताना त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने दारू आपल्या हद्दीत येऊ द्यायची की नाही, आणि कशी, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी मग तीन पायऱ्यांची साखळी उभी केली: उत्पादकाने डिस्ट्रिब्युटरला विकायचं, डिस्ट्रिब्युटरने दुकानाला किंवा रेस्टॉरंटला, आणि दुकानाने ग्राहकाला. उत्पादकाने थेट ग्राहकाच्या दारात जाणं हा या साखळीला अपवाद. तो अपवाद प्रत्येक राज्याने आपापल्या मनाप्रमाणे लिहिला आहे. म्हणून वाइन एकच, पण पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आणि वॉशिंग्टन डीसीचा एक्कावन्नावा.

सुप्रीम कोर्टाने हे सगळं मोकळं केलं होतं ना?

अर्धंच. १६ मे २००५ चा ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड हा निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला. मिशिगन आणि न्यूयॉर्क ही राज्यं आपल्या हद्दीतल्या वाइनरींना थेट घरी वाइन पाठवू देत होती, बाहेरच्यांना मात्र अडवत होती किंवा अशक्य अटी घालत होती. न्यूयॉर्कविरुद्धच्या दाव्यात व्हर्जिनियातल्या एका छोट्या वाइनरीच्या मालकीण ह्वानिटा स्वीडनबर्ग वादी होत्या. कोर्टाने म्हटलं की आपल्यांना एक नियम आणि परक्यांना दुसरा, असा भेदभाव राज्यांना करता येणार नाही. एकविसावी दुरुस्ती त्याला ढाल होऊ शकत नाही.

पण निकालाने कुठल्याही राज्याला दार उघडण्याची सक्ती केलेली नाही. सगळ्यांना परवानगी द्या नाहीतर सगळ्यांना बंदी घाला, एवढंच सांगितलं. बहुतेक राज्यांनी पुढच्या वीस वर्षांत दार उघडलं, प्रत्येकाने आपल्या कुलपासह. पेनसिल्व्हेनिया २०१६ मध्ये आलं, अलाबामा २०२१ मध्ये. मॅसॅच्युसेट्सची गंमत वेगळीच. त्यांनी निकालानंतर ३०,००० गॅलनपेक्षा जास्त वाइन बनवणाऱ्यांवर जाचक अटी घातल्या आणि राज्यातली प्रत्येक वाइनरी नेमकी त्या आकड्याच्या खाली बसत होती! २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते रद्द केलं, तरी प्रत्यक्ष शिपिंग सुरू व्हायला १ जानेवारी २०१५ उजाडला. मॅसॅच्युसेट्सच्या पॅट्रियट्स या फुटबॉल संघाचा जुना क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याची वॉशिंग्टन राज्यात वाइनरी आहे. ज्या राज्यात तो खेळला त्याच राज्यातल्या चाहत्यांना त्याला आपली वाइन पाठवता येत नव्हती. त्यानेही या कायद्यासाठी पाठपुरावा केला होता.

माझ्या राज्यात परवानगी आहे, तरी ही वाइनरी पाठवत नाही. असं का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

"राज्यात शिपिंग कायदेशीर आहे" याचा अर्थ एवढाच की वाइनरीने त्या राज्याचं परमिट घेतलं तर तिला पाठवता येईल. परमिट प्रत्येक राज्याचं वेगळं, दरवर्षी नूतनीकरण वेगळं, करभरणा वेगळा. फी तशी फार नसते. मिशिगनची १०० डॉलर, न्यूयॉर्कची १२५ डॉलर. खरा खर्च कागदपत्रांचा. काही राज्यांना दरमहा अहवाल लागतो, काहींना दर तिमाहीला, काहींना वर्षातून एकदा. त्यात विक्रीकर एका खात्याकडे आणि अबकारी कर दुसऱ्याकडे. एकही बाटली गेली नसेल तरी शून्याचा अहवाल भरावाच लागतो. तो चुकला की दंड, आणि दोन-तीनदा चुकला की परमिट धोक्यात.

हिशेब करून पाहू. समजा एका राज्याची फी १०० डॉलर, वर्षाला १२ विक्रीकर विवरणपत्रं आणि ४ अबकारी विवरणपत्रं, प्रत्येकाला अर्धा तास, आणि हे काम करणाऱ्याचा ताशी खर्च ४० डॉलर. म्हणजे ८ तासांचे ३२० आणि फीचे १००, एकूण ४२० डॉलर. त्या राज्यात वर्षाला १२० बाटल्या जात असतील तर बाटलीमागे साडेतीन डॉलर पडतात, ते सोसतात. पण तिथे तीनच ग्राहक आणि प्रत्येकाच्या सहा बाटल्या असतील, तर बाटलीमागे २३ डॉलरपेक्षा जास्त. लाखो बाटल्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च जाणवतही नाही. वर्षाला हजार-दोन हजार केस (बारा बाटल्यांची खोकी) काढणारी कौटुंबिक वाइनरी ते राज्य यादीतून काढून टाकते. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा, पण खर्च बाटलीवर नसून राज्यावर बसतो, आणि म्हणून तो लहानालाच जास्त बोचतो.

मग ग्राहकाने काय करावं?

वाइनरीला ईमेल करून विचारा. चिडून नव्हे, माहिती देऊन: कोणतं राज्य, वर्षाला साधारण किती केस घ्याल, वाइन क्लबमध्ये यायची तयारी आहे का. एकाच राज्यातल्या आठ-दहा जणांनी असं कळवलं तर वरचा हिशेब बदलतो आणि परमिट घेणं परवडू शकतं. मात्र सगळ्यांच्या बाटल्या एकाच्या नावावर मागवू नका. वाइन मागवण्याची मर्यादा त्या व्यक्तीच्या नावावर मोजली जाते आणि पुढे वाटप झालं तर ती विनापरवाना विक्री ठरू शकते.

वाइनरी ग्राहकांचे झिपकोड पाहून राज्यं निवडतात. टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांच्या वहीत पत्ता लिहायचा आळस करू नका.

मला वर्षाला किती वाइन मागवता येते?

मर्यादा राज्यागणिक वेगळी. मोजमापही वेगळं: कुठे केस, कुठे बाटल्या, कुठे गॅलन. एक केस म्हणजे ७५० मिलीलिटरच्या १२ बाटल्या, म्हणजे ९ लिटर, म्हणजे साधारण २.३८ गॅलन.

न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात वर्षाला ३६ केस; घरगुती माणसाला तिथे मर्यादा जवळपास नाहीच म्हणा. इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षाला १२ केस. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात महिन्याला २ केस. साउथ कॅरोलायनात महिन्याला २४ बाटल्या. टेक्सासमध्ये महिन्याला ९ गॅलन आणि बारा महिन्यांत ३६ गॅलन; म्हणजे महिन्याला ४५ बाटल्या आणि वर्षाला पंधरा केसपेक्षा किंचित जास्त. मिशिगनमध्ये मर्यादा उलटी आहे: तिथे एका वाइनरीने वर्षभरात राज्यात मिळून १,५०० केसपेक्षा जास्त पाठवायच्या नाहीत. त्यामुळे एखाद्या मोठ्या नावाची वाइनरी वर्षाअखेरीस मिशिगनच्या ऑर्डर घेणं बंद करू शकते. वेबसाइट बिघडली आहे असं समजू नका.

ही मर्यादा काही राज्यांत एका वाइनरीकडून येणाऱ्या वाइनवर असते, तर काहींत सगळीकडून मिळून. वाइनरीला फक्त आपला हिशेब ठाऊक असतो. एकूण मर्यादा असेल तर ती पाळण्याची जबाबदारी तुमची.

कोणत्या राज्यांत अजिबात चालत नाही?

सगळ्यात कडक युटा. तिथे घरी वाइन पाठवता येत नाही. राज्याच्याच दुकानामार्फत खास ऑर्डर नोंदवायची, राज्याचं मार्कअप भरायचं आणि दुकानात जाऊन बाटल्या आणायच्या. ऱ्होड आयलंडमध्ये गोष्ट वेगळी: वाइनरीत स्वतः जाऊन विकत घेतलेली वाइन घरी पाठवून घेता येते, पण फोनवर किंवा वेबसाइटवर ऑर्डर नाही.

परवानगी असलेल्या राज्यांतही मधेच ठिगळं आहेत. केंटकीत आणि अलाबामात अजूनही दारूबंदी असलेल्या काउंटी आहेत, अलास्कात दारूबंदीची गावं आहेत. तुमचा झिपकोड त्यात असेल तर ऑर्डर आपोआप नाकारली जाते. शेजारच्या झिपकोडमधल्या ऑफिसचा पत्ता दिला तर चालू शकतं.

प्रत्यक्ष वाइनरीत जाऊन घेतली तर वेगळा नियम आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानात सोबत सामान नेण्यावर बंधनं आली. तेव्हा २००२ मध्ये काँग्रेसने कायदा केला की वाइनरीत स्वतः हजर राहून घेतलेली वाइन, जेवढी तुम्ही कायद्याने सोबत घरी नेऊ शकला असता तेवढी, पाठवून घेता येईल. ती स्वतःच्या वापरासाठी हवी, वय २१ पूर्ण हवं, आणि तुमच्या राज्यात तेवढी वाइन सोबत आणायला मुभा हवी. आता बहुतेक राज्यांत परमिटची सोय झाल्यामुळे वाइनरी या कायद्याच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. पण तुमचं राज्य बंद असेल तर विचारायला हरकत नाही.

पार्सल आलं तेव्हा घरी कुणी नव्हतं. आता?

वाइनचं खोकं दारात ठेवून जात नाहीत. २१ वर्षांवरच्या माणसाची सही लागते आणि ड्रायव्हर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पाहतो. सही ग्राहकाचीच हवी असं नाही. त्या पत्त्यावरच्या, म्हणजे घरातल्या किंवा ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या प्रौढ व्यक्तीने केली तरी चालते. प्यायलेल्या माणसाच्या हातात मात्र देत नाहीत. साधारण तीन फेऱ्या होतात, मग पार्सल परत जातं. परतीचा खर्च वाइनरीला पडतो आणि वाइनरी तो बहुधा तुमच्याकडून घेते. शिवाय बाटल्यांनी दोनदा देशभर प्रवास केलेला असतो, उन्हाळा असेल तर त्यांच्यात काही राम उरत नाही.

सोपा उपाय म्हणजे ऑफिसचा पत्ता देणं. दुसरा उपाय, ऑर्डर देतानाच फेडएक्स किंवा यूपीएसच्या पिकअप केंद्रावर ठेवायला सांगणं. पोस्टाची पेटी चालत नाही, कारण पोस्टाने दारू पाठवायलाच फेडरल कायद्याची मनाई आहे.

आई-बाबा भारतातून आले आहेत, दुपारी तेच घरी असतात. त्यांनी सही केली तर?

चालते. भारतीय पासपोर्ट हे फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आहे, जन्मतारीखही त्यात आहे. पासपोर्ट कपाटातून शोधेपर्यंत ड्रायव्हर निघून जातो, म्हणून ट्रॅकिंगमध्ये "आज येणार" दिसलं की तो दाराजवळच्या टेबलावर काढून ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका. आणि दाराशी आलेला माणूस काय मागणार आहे हे त्यांना आधी सांगा. अनोळखी माणसाला पासपोर्ट दाखवायला कुणीही कचरतं.

मी मित्राला दोन बाटल्या कुरिअर करू शकतो का?

नाही. पोस्टाने तर नाहीच, आणि यूपीएस, फेडएक्स फक्त त्यांच्याशी दारूच्या वाहतुकीचा करार केलेल्या परवानाधारकांकडूनच दारूची पार्सलं घेतात. साधा ग्राहक त्यात बसत नाही. "ऑलिव्ह ऑइल" किंवा "व्हिनेगर" लिहून पाठवणारे लोक आहेत. बाटली फुटली की डाग सगळं सांगून टाकतात, पार्सल अडकतं, भरपाई मिळत नाही. मित्राच्या राज्याचं परमिट असलेल्या वाइनरीकडे किंवा त्याच्या गावातल्या दुकानात ऑनलाइन ऑर्डर देऊन गिफ्ट पाठवा. मर्यादा मोजली जाते ती घेणाऱ्याच्या नावावर, देणाऱ्याच्या नाही.

बिलात इतके कर कसले?

कर वाइनरीच्या गावाचा लागत नाही, तुमच्या पत्त्याचा लागतो. त्यात राज्याचा विक्रीकर, बऱ्याचदा काउंटीचा किंवा शहराचा कर, आणि गॅलनमागे अबकारी कर. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घ्या: गॅलनमागे २.५० डॉलर, म्हणजे केसमागे ५.९४ डॉलर, बाटलीमागे जवळपास ५० सेंट. त्यावर ६ टक्के विक्रीकर. फिलाडेल्फियात राहत असाल तर २ टक्के आणखी. कॅलिफोर्नियाचा अबकारी कर गॅलनमागे फक्त २० सेंट आहे, त्यामुळे तिकडून येणाऱ्याला बिल पाहून धक्का बसतो. यातला एक सेंटही वाइनरीच्या खिशात जात नाही.

शिपिंगचा आकडा मोठा दिसतो कारण केसचं वजन ३६ ते ४० पौंड असतं आणि प्रौढ सहीसाठी वेगळा आकार पडतो. सहाऐवजी बारा बाटल्या मागवल्या तर बाटलीमागचा खर्च बराच उतरतो.

उन्हाळ्यात वाइनरी पार्सल का रोखून धरते?

कारण ट्रकच्या बंद डब्यात जुलैत तापमान सहज चाळीसच्या पुढे जातं. वाइन तापली की फुगते, बूच वर सरकतं, फॉइलखालून चिकट ओघळ येतात. चव शिजवलेल्या फळासारखी होते. ही वाइन पुन्हा थंड केली तरी सुधारत नाही. हिवाळ्यात उलट त्रास: साधारण उणे पाच-सहा सेल्सिअसला वाइन गोठते आणि बूच बाहेर ढकललं जातं.

म्हणून जाणकार वाइनरी सोमवारी-मंगळवारीच माल काढतात. कॅलिफोर्नियाहून पूर्व किनाऱ्याला जमिनीवरून पाचेक कामाचे दिवस लागतात; गुरुवारी निघालेलं खोकं शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात तापत पडतं. "हवामान सुधारेपर्यंत थांबवा" हा पर्याय दिसला तर निवडा. घाई असेल तर जास्त पैसे देऊन शीतगृहाच्या ट्रकने किंवा विमानाने मागवा.

खोकं आलं की लगेच उघडा. बूच वर आलेलं, ओघळ किंवा फुटलेली बाटली दिसली तर खोक्याच्या सहा बाजूंचे, आतल्या साच्याचे आणि लेबलचे फोटो काढून त्याच दिवशी वाइनरीला पाठवा. कुरिअरकडे दावा वाइनरी करते, तुम्ही नाही. पॅकिंग फेकून दिलं तर दावा टिकत नाही.

आमची छोटी वाइनरी आहे. इतकी कटकट करण्यापेक्षा डिस्ट्रिब्युटर का नको?

पैशांचं गणित सोपं आहे. दुकानात ३० डॉलरला विकल्या जाणाऱ्या बाटलीचे वाइनरीला साधारण १५ मिळतात. बाकीचे डिस्ट्रिब्युटर आणि दुकानात वाटले जातात. थेट विकली तर पूर्ण ३० हातात येतात, त्यातून परमिट, पॅकिंग, कार्डाचं शुल्क जातं. आणि मुळात पाचशे केस काढणाऱ्याला डिस्ट्रिब्युटर दारातही उभं करत नाही. त्याच्या यादीत हजारो लेबलं असतात, तुमच्यासाठी सेल्समन पाठवणं त्याला परवडत नाही. काही राज्यांत एकदा डिस्ट्रिब्युटर नेमला की तो बदलणं कायद्याने जवळपास अशक्य असतं. करारावर सही करण्याआधी त्या राज्याचा फ्रँचायझी कायदा वकिलाकडून वाचून घ्या.

परमिट मिळवायचं कसं?

आधी फेडरल कागद: टीटीबीचं (दारूवरचा कर आणि परवाने पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचं) बेसिक परमिट आणि प्रत्येक लेबलची मंजुरी. मग आपल्या राज्याचा परवाना. कॅलिफोर्नियात तो टाइप ०२, म्हणजे वाइन उत्पादकाचा. यांच्या प्रती जवळपास प्रत्येक राज्याला लागतात, म्हणून एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. त्यानंतर:

गेल्या दोन वर्षांच्या टेस्टिंग रूमच्या विक्रीतून झिपकोड काढा आणि राज्यवार बाटल्या मोजा. पहिल्या पाच-सहा राज्यांतच अर्ज करा. एकदम तीस राज्यांच्या मागे लागलात तर एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक राज्यात दोन नोंदण्या असतात: मद्य खात्याचं शिपर परमिट आणि महसूल खात्याचं विक्रीकर खातं. दुसरं विसरलं म्हणून पहिलं अडकून पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. काही राज्यं बाँड मागतात, काही लेबलची वेगळी नोंदणी. अर्जावरचं नाव टीटीबीच्या परमिटवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एलएलसीचा स्वल्पविराम चुकला म्हणून अर्ज परत येतो. परमिट हातात येईपर्यंत त्या राज्यात एकही बाटली पाठवायची नाही, क्लबचा जुना सभासद कितीही गळ घालो.

आमची स्वतःची वाइनरी नाही. दुसऱ्याच्या वाइनरीत वाइन बनवून घेतो. परमिट मिळेल का?

इथे बरेच नवे ब्रँड आपटतात. कॅलिफोर्नियात असे ब्रँड बहुधा टाइप १७ आणि टाइप २० या परवान्यांवर चालतात, म्हणजे कायद्याच्या नजरेत घाऊक आणि किरकोळ विक्रेते. बहुतेक राज्यांचं शिपर परमिट मात्र उत्पादकालाच मिळतं आणि तेही स्वतः बनवलेल्या वाइनपुरतं. परराज्यातल्या किरकोळ विक्रेत्याला घरी माल पाठवू देणारी राज्यं डझन-दीड डझनाच्या आसपास आहेत. ग्रॅनहोमचा आधार घेऊन विक्रेत्यांनीही दावे लावले, पण मिशिगनच्या प्रकरणात २०२० मध्ये आणि मिझुरीच्या प्रकरणात २०२१ मध्ये अपील कोर्टांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिले.

उपाय म्हणजे त्याच जागेत आळीपाळीने चालणारी दुसरी वाइनरी म्हणून टीटीबीकडून स्वतंत्र परमिट आणि टाइप ०२ घेणं. कागद वाढतात, फेडरल कर आणि नोंदवह्या तुमच्या माथी येतात, पण दारं उघडतात. उलट एक फायदाही आहे: पहिल्या ३०,००० गॅलनवर गॅलनमागे १ डॉलरची कर सवलत मिळते, त्यामुळे १६ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या, बुडबुडे नसलेल्या साध्या वाइनवरचा १.०७ डॉलरचा फेडरल कर ७ सेंटवर येतो.

परमिटशिवाय दोन-चार केस पाठवल्या तर कुणाला कळणार?

कळतं. बऱ्याच राज्यांत कुरिअर कंपनीला दारूच्या प्रत्येक पार्सलचा अहवाल द्यावा लागतो: कुणी पाठवलं, कुणाला, किती वजन. राज्याचं खातं ती यादी परमिटधारकांच्या अहवालाशी जुळवतं. नाव कुरिअरच्या यादीत आहे आणि परमिटच्या यादीत नाही, की नोटीस निघते. तुमचे आकडे आणि कुरिअरचे आकडे जुळत नसतील तरीही विचारणा होते. म्हणून अहवाल भरताना ऑर्डरची तारीख नव्हे, पाठवल्याची तारीख धरा. परत आलेली पार्सलं वेगळी दाखवा. "मालकी आमच्या दारातच ग्राहकाकडे गेली, पुढचं त्याचं" असं बिलावर छापलं म्हणून राज्य ऐकून घेत नाही.

फुलफिलमेंट हाऊसला काम दिलं की आमची जबाबदारी संपते का?

नाही. ते खोकं भरतात आणि लेबल लावतात. परमिट आणि कर तुमच्याच नावावर राहतात. काही राज्यांनी आता त्यांनाही वेगळा परवाना सक्तीचा केला आहे, तेव्हा तुमचं गोदाम कोणत्या राज्यांत परवानाधारक आहे याची यादी लेखी घ्या. शिपकम्प्लायंटसारखी सॉफ्टवेअर ऑर्डर घेतानाच मर्यादा, झिपकोड आणि वय तपासतात. पाच राज्यांपर्यंत एक शिस्तीतली एक्सेल शीटही पुरते. त्यापुढे हाताने सांभाळणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

नाशिकची वाइन अमेरिकेत घरपोच मागवता येईल का?

नाशिकच्या वाइनरीकडून थेट नाही. शिपर परमिट अमेरिकेतल्या परवानाधारक वाइनरीला मिळतं. परदेशी वाइन आयातदार, डिस्ट्रिब्युटर आणि दुकान याच वाटेने येते. तुमच्या राज्यातल्या एखाद्या दुकानात ती असेल तर ते दुकान राज्याच्या नियमाप्रमाणे घरी पाठवू शकतं. ती फक्त दुसऱ्या राज्यातल्या दुकानात असेल तर वरचा डझन-दीड डझन राज्यांचा प्रश्न येतो. त्यापेक्षा ओळखीच्या दुकानदाराला सांगा, आयातदाराकडून डिस्ट्रिब्युटरमार्फत एक केस मागवायला तो बहुधा तयार होतो, मात्र पूर्ण केस तुम्ही घ्यायची.

भारतात तरी वेगळं काय आहे म्हणा! दारू हा राज्यसूचीतला विषय, जीएसटीच्या बाहेर, आणि दारूच्या धंद्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सांगितलेलं आहे.

नापाहून भारतात सोबत नेली तर?

विमानात चेक-इन सामानातून नेता येते. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर अमेरिकी विमान नियमांत संख्येची मर्यादा नाही. बॅगेच्या वजनाची आहे. भारतात उतरताना मात्र माणशी २ लिटरपर्यंतच ड्यूटी लागत नाही. दोन बाटल्यांचे दीड लिटर होतात, तीनचे सव्वादोन, म्हणजे तिसरीवर जबर कस्टम ड्यूटी. पुढे गुजरातला जायचं असेल तर तिथला दारूचा परवाना वेगळा काढावा लागतो.

बाटली आधी झिप पिशवीत, मग जाड कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. वाइनरीत फुगवायच्या बाटलीच्या पिशव्या विकत मिळतात. त्या घेतल्या तर कुर्त्यांवर डाग पडायची भीती राहत नाही.